विमलबाईंची काडीमोड

विमलबाईंना 'कॅन्सल' या शब्दाचा मनापासून राग होता. कॅन्सल होतं ते आरटीसी बसचं तिकीट, असं त्या म्हणायच्या. नोकरीचा हुकूम, जमिनीचा करार, खालच्या कोर्टाचा फैसला, कायदा, लग्न, यांतल्या प्रत्येकाला मोडायचा आपापला शब्द इंग्रजीत आहे आणि ज्याचा शब्द त्यालाच लावायचा, हा त्यांचा दंडक. आदिलाबादला कोर्टाच्या मागच्या गल्लीत एका वकीलसाहेबांचं ऑफिस होतं, तिथं त्या टायपिस्ट होत्या. मी टायपिंगची परीक्षा कशीबशी पास होऊन त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा त्यांनी मला आधी हे शब्द शिकवले. रिबिन कशी बदलायची ते नंतर.

"हे पाय सुलभे," त्या म्हणाल्या, "रिव्होक म्हंजे ज्यानं देल्लं त्यानंच वापस घेनं. सासूनं घातलेली पाटली सासूनंच काढून घेतली, तसं. रिसाइंड करारासाठी. दोघायनं एकमेकाचं घेतलेलं परत करायचं अन् मोकळं व्हायचं. सेट असाइड म्हंजे वरच्या कोर्टानं खालचा फैसला बाजूले सारनं. क्वॅश त आपल्या हातचाच नाई, तो हैदराबादच्या हायकोर्टाचा. अन् रिपील फक्त कायद्याले. तू-मी काई रिपील करत नसतो."

"आणि अनल?" मी विचारलं. समोरच्या मसुद्यात तो शब्द दिसत होता.

"तो लग्नाले." बाईंनी मशीनवर कागद चढवला. "लगन झालंच नोतं, असं म्हनायचं. झालंच नोतं म्हने! मंग हळद कोनाच्या आंगाले लागली होती?"

मला वाटलं बाई विनोद करताहेत, म्हणून मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी माझ्या मशीनकडे वळले.

या शब्दांची गोडी त्यांना वकीलसाहेबांनी लावली होती. साहेब तेलुगू, पण निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत शिकलेले. ऑफिसात आमच्याशी हिंदी-उर्दूच बोलायचे आणि बाईंना 'विमलम्मा' म्हणायचे. बाईंचं कुठं चुकलं तर ते जाड पुस्तक उघडून बोट ठेवून दाखवत आणि बाई हार मानतानासुद्धा "पाहून घेते" असंच म्हणत. दुपारी काम कमी असलं की साहेबांना हुक्की यायची. "हमारी उर्दू में मन्सूख है, खारिज है, बातिल है. तुम्हारी मराठी में क्या है विमलम्मा? खाली एक रद्द!" बाई मान न वळवता म्हणायच्या, "तुमच्या तेलुगूत बी रद्दच हाये साहेब. आमचाच नेला तुमी." "और तुम अरबी से उठाके लाए," साहेब म्हणायचे आणि खुशीत पान लावायला घ्यायचे. बाहेर बाकावर बसलेल्या अशिलांना वाटायचं, आत आपल्याच केसवरून जुंपली आहे.

बाई उंच आणि हाडापेरानं मजबूत होत्या. इस्त्रीची सुती साडी, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. कपाळाला काही नाही, गळ्यात काही नाही. त्यामुळं नवे अशील हमखास घोटाळ्यात पडायचे. कोणी त्यांना विधवा समजून आवाज खाली आणायचं, तर कोणी लग्न राहून गेलेली समजून नांदेडकडचं स्थळ सुचवायचं. बाई दोघांनाही एकाच वाक्यात गप्प करायच्या, "कागद आनला का?" कागद आणलेला नसायचाच. तो माणूस मान खाली घालून निघून जायचा.

त्या एकट्या राहायच्या. हे त्यांच्या बोलण्यात कधी यायचं नाही, पण वागण्यात जागोजाग दिसायचं. दसऱ्याची सुट्टी जवळ आली की त्यांची चिडचिड सुरू व्हायची, जसं काही कोर्टानं सुट्टी त्यांना छळायलाच काढली आहे. सुट्टीतही त्या ऑफिसची किल्ली मागून घ्यायच्या, मशीन पुसायच्या, तेल घालायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, घरी आराम करा की." त्या म्हणाल्या, "आराम करायले बी घरात कोनी तरी लागते सुलभे. नाई त तो आराम नाई, नुसतं पडून राहनं." हे त्यांनी कागदावरचा मजकूर वाचून दाखवावा इतक्या कोरडेपणानं सांगितलं.

रविवारचा त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम होता. दुपारी नांदेडच्या बसनं मराठी पेपर यायचा. तो घेण्यासाठी बाई बसस्टँडवर जायच्या आणि घरी न आणता तिथंच बाकावर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायच्या. मला याचं नवल वाटायचं. एवढ्या गोंगाटात, एवढ्या धुरात? बाई म्हणाल्या, "बसस्टँडवर बसलेल्या मानसाले कोनी विचारत नाई, तुमी इथं काऊन बसले म्हून." यावर तोड नव्हती. दुसरीकडं कुठंही एकटी बाई बसली की गावाला प्रश्न पडतात.

अशा या बाईंच्या टेबलासमोर एक दिवस गुडीहत्नूरचे तुळशीराम गुरुजी येऊन उभे राहिले. सरकारी शाळेतले मास्तर, बाईंच्याच समाजाचे, बायको वारून बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, भावाच्या घरात राहणारे. अंगानं किरकोळ, आवाजानं त्याहून किरकोळ. कोणी काहीही म्हणो, "हाव, बरोबर हाये" म्हणायची त्यांना सवय. त्यांना सस्पेंड केलेलं होतं. तपासणीला साहेब आले तेव्हा गुरुजी शाळेत नव्हते. ओढ्यावर पळालेल्या पोरांना धरून आणायला गेलो होतो, असं गुरुजींचं म्हणणं. हायवेवरच्या हॉटेलात चहा पीत होते, असं साहेबांचं. मला विचाराल तर दोन्ही खरं असावं.

गुरुजींनी अर्ज स्वतःच्या इंग्रजीत लिहून आणला होता. बाईंनी पहिली ओळ वाचली आणि कागद टेबलावर ठेवला.

"गुरुजी, सस्पेन्शन कॅन्सल नाई होत. सस्पेन्शन रिव्होक होते."

"हाव, बरोबर हाये."

"काय बरोबर हाये? तुमी त कॅन्सल लिवलं."

"बाई, मले नोकरी पाहिजे. शब्द तुमी कोनता बी लावा." गुरुजी इतक्या अजिजीनं म्हणाले की बाईंना हसू आलं. मी त्यांच्या हाताखाली लागल्यापासून त्यांना दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

सस्पेन्शन रिव्होक झालं. गुरुजी पेढे घेऊन आले. "मशीनवर ठेऊ नोका, मुंग्या लागतात," बाई खेकसल्या. पण पुडा त्यांनी आम्हाला वाटला नाही, पिशवीत टाकून घरी नेला. साहेब भुवया वर करून माझ्याकडे बघायला लागले आणि मी खिडकीबाहेर.

त्यानंतर गुरुजींना रविवारी आदिलाबादला कामं निघायला लागली. शाळेचा खडू, भावाच्या घरचं मिरची-मीठ, छत्रीची काडी बदलणं. या कामांचा रस्ता बसस्टँडवरून जायचा. पुढं पुढं मी दोघांना एकाच बाकावर पाहिलं. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा, आणि पेपर वाटून घेतलेला. बाहेरची पानं बाईंकडे, आतली गुरुजींकडे. वाचून झाली की अदलाबदल. बोलणं फारसं नसायचं. पण सोमवारी बाई ऑफिसात आल्या की मशीनची टकटक वेगळी वाटायची, आणि माझ्या चुका त्या खोडरबरानं खोडून द्यायच्या. एरवी पानच फाडायच्या.

गुरुजींनी लग्नाचं विचारलं ते थेट बाईंना नाही, वकीलसाहेबांना. बाईंचं गावात मोठं माणूस तेवढंच. साहेबांनी दोघांना समोर बसवलं आणि मला चहा करायला पाठवलं. चहाची जागा कपाटाच्या मागं होती, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं आणि चहा उतू गेला.

"पहली शादी का क्या हुआ, विमलम्मा?"

"काडी मोडली."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. जुन्या काळी आमच्याकडच्या कितीतरी जातींत नवरा-बायकोचं जमेना झालं की पंच बसायचे, सगळ्यांसमोर गवताची एक काडी मोडायची, की लग्न मोडलं. दोघंही नवं घर मांडायला मोकळे. त्याला काडीमोड म्हणत. बाईंचं लग्न अगदी कोवळ्या वयात भैंसा शहराकडच्या एका गावात झालं होतं. नवऱ्यानं हात उगारला नव्हता की उपाशी ठेवलं नव्हतं. "त्याले मी नको होती अन् मले तो," एवढंच कारण बाई सांगायच्या. काडी मोडली आणि नवऱ्यानं लगेच दुसरी बायको केली. बाईंना त्यांच्या मामानं शाळेच्या हॉस्टेलात घातलं, पुढं टायपिंग शिकवलं. आज टेबलाशी बसलेल्या विमलबाई या मामानं घडवलेल्या.

"कानून रिवाज को मानता," साहेब म्हणाले. "लेकिन रिवाज तब जिंदा था, ये कोर्ट में साबित करना पड़ता. काडी किसने तोड़ी?"

"मामानं."

"बस! मामा आके बोलेंगे, हमारे में ऐसा चलता था, मैंने तोड़ी. हो गया." मग ते गुरुजींकडे वळले. "और कागद के बगैर मत करो मास्टरजी. तुम सरकारी नौकर. शौहरवाली औरत से शादी किए बोलके किसी ने अर्जी डाल दी, तो नौकरी जाती."

"हाव, बरोबर हाये," गुरुजी म्हणाले. मी चहा घेऊन गेले तेव्हा बाई टेबलाच्या कडेकडे बघत होत्या आणि त्यांचे कान लाल झाले होते.

मामाकडे जाताना बाईंनी मला सोबत नेलं. कापसाचे दिवस होते, भैंसाची बस जिनिंगला चाललेल्या गाड्यांमागं रखडत होती. बाई वाटेत चांगल्या बोलत होत्या. गुरुजींना नीट स्वयंपाक येत नाही, त्यांना अंबाडीची भाजी आवडते, त्यांच्या सदऱ्याची बटणं वेगवेगळ्या रंगांची असतात, असलं काहीबाही. एवढं काहीबाही त्यांनी कधी बोललेलं मला आठवत नाही. मी नुसतं "हूं हूं" करत होते आणि मनातून फार खुश होते.

मामा वस्तीच्या टोकाला राहायचे. पिकलेला, सरळ पाठीचा माणूस. वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली ती त्यांच्या पुढारपणाखाली. घराघरातले देव टोपलीत गोळा करून नदीत सोडले तेही त्यांनीच. त्यांनी आम्हाला बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. बाईंनी आल्या कामाचं सांगितलं. मामा जमिनीवर बोटानं रेघ ओढत बसले.

"विमल, काई बी माग. पन हे नको मागू."

"एकडाव उभं राहायचं हाये मामा. तवा काडी मोडली, एवढंच बोलायचं."

"तवाच त मोडायची नोती!" मामांचा आवाज चढला. "दीक्षा घेऊन साल झालं होतं. देव बुडवले, चाली सोडल्या, समद्यायच्या म्होरं वचन देल्लं. अन् तुझं निघालं. लगन लावायची नवी रीत आमाले सांगितली होती, मोडायची कोनीच नोती सांगितली. तुझं तोंड पाहवत नोतं. म्हून म्हनलं, एकडाव. शेवटचं. छपराची काडी काढली अन् मोडली."

मामांनी छपराकडे बोट दाखवलं, मग बाईंकडे वळले.

"आता कोर्टात हात वर करून सांगू, आमच्यात हे चालते म्हून? दीक्षेनंतर बी चालत होतं म्हून? पोरं विचारतील, बाबा, मंग देव काऊन बुडवले? वस्तीत कोनाले तोंड दाखवू मी?"

म्हातारा रडायला लागला. मला त्याचा राग यायला हवा होता, येईना. बाई उठल्या आणि त्यांच्या जवळ जाऊन बसल्या. "नोका सांगू मामा," एवढंच म्हणाल्या. सुनेनं आणलेला चहा आम्ही प्यायलो. येताना बसमध्ये बाईंनी एकदाही तोंड उघडलं नाही.

साहेबांनी दुसरा मार्ग सांगितला. काडीमोड खोटी, लग्न अजून कायम आहे, असं म्हणून नवऱ्याविरुद्ध रीतसर घटस्फोट मागायचा. नवऱ्यानं दुसरी बायको करून घरात ठेवली आहे, त्यामुळं फैसला बाईंच्याच बाजूनं लागणार, यात शंका नाही. फक्त त्याचा अर्थ असा, की नवऱ्याचं ते दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नव्हतं. "वॉइड," साहेब म्हणाले. "पहले दिन से." नवरा पंचायत समितीत शिपाई होता, एक बायको असताना दुसरी केली असं ठरलं तर त्याची नोकरीही धोक्यात.

"त्याची त्यानं पाहावं," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना कोणाचीच कीव येत नव्हती, आणि मला ते बरोबरच वाटलं. माणसानं किती दिवस दुसऱ्याचं तोंड पाहायचं? साहेबांनी मसुदा दिला आणि बाई स्वतःचा दावा स्वतःच टाइप करायला बसल्या. मी करते म्हटलं तर म्हणाल्या, "तू चुका करशील."

दावा दाखल व्हायच्या आधीच तिकडं कुणकुण लागली. एका दुपारी ऑफिसच्या बाकावर एक बाई येऊन बसली. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, पायांवर रस्त्याची धूळ. मी नेहमीसारखं विचारलं, कागद आणला का. ती म्हणाली, "मी कमल. विमलअक्काले भेटायचं हाये."

नवऱ्याची दुसरी बायको ती. मी आत जाऊन सांगितलं तेव्हा बाईंचे हात मशीनवरच थांबले. मग त्यांनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. आरडाओरडा नाही, पाया पडणं नाही. मी तर भांडणाच्या तयारीत होते.

"अक्का, तुमाले नावं ठेवायले नाई आली मी," ती म्हणाली. "तुमी तवा गेल्या, म्हून माह्यं घर झालं. हे मले ठावं हाये. फकत एक इचारायचं व्हतं. तुमची काडी खोटी ठरली, त मी कोन होईन?"

कमलनं पिशवी मांडीवर घेतली.

"पोरीचं जमून राह्यलं. इंद्रवेल्लीकडचे लोक हायेत, चांगले हायेत. ते इचारतील, हिची माय कोन? मी काय सांगू? तुमाले कायदा समजते. तुमी सांगा, मी तसं सांगीन."

कमलला खरोखरच उत्तर हवं होतं. बाईंना सगळे शब्द येत होते आणि त्यातला प्रत्येक त्या खुर्चीवर बसलेल्या बाईला कुठं लागेल, हेही त्यांना दिसत होतं. त्या उठल्या, काळं कापड घेऊन मशीनवर घातलं. "जेवली का?" त्यांनी विचारलं. कमल जेवली नव्हती. बाईंनी आपला डबा उघडून तिच्यापुढं ठेवला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. मग तिला बसस्टँडवर पोचवून आल्या. "पोरीचं लगन कर," एवढंच तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, विथड्रॉ."

"अरे, फाइल ही नहीं हुआ, विथड्रॉ क्या करते?"

"मंग राहू द्या." साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी वाद घातला नाही, पुस्तक उघडलं नाही. बाई जागेवर येऊन दुसऱ्याच कुणाचा कागद टाइप करायला लागल्या आणि त्या दिवशी त्यांच्या कामात एकही चूक झाली नाही. मला मात्र फार रडू येत होतं. मी चहाच्या जागी जाऊन रडून घेतलं.

गुरुजींना त्यांनी रविवारी सांगितलं असावं. काय बोलणं झालं ते मी विचारू धजले नाही. पुष्कळ दिवसांनी त्या आपणहून एकदा म्हणाल्या, "गुरुजी म्हने, मी थांबतो. मी म्हनलं, कायच्यासाठी? ते म्हने, हाव, बरोबर हाये. अन् थांबले." हे सांगताना त्या हसत होत्या. तसं हसणं माणसानं पाहू नये.

पेपरची वाटणी चालू राहिली. मधली जागा तेवढीच राहिली. लोक बोलायचे, पण त्यात त्यांना रस येईल असं काही घडतच नव्हतं, त्यामुळं कंटाळून गप्प झाले. कमलच्या पोरीचं लग्न झालं. बाईंना बोलावणं आलं नाही, यायचंही नव्हतं. पण त्या दिवशी बाई ऑफिसात नवी साडी नेसून आल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "जुन्या धुयाले टाकल्या."

मग गुरुजींची बदली उटनूरच्या पलीकडं, डोंगरात झाली. तिथून रविवारी येऊन रविवारी परत जाणं जमण्यासारखं नव्हतं. आधी आठवड्याचं पंधरवड्यावर गेलं, मग सणावारावर. बाई पेपर घ्यायला जायच्याच. आतली पानं वाचून झाली तरी घडी घालून शेजारी ठेवायच्या. बसस्टँडवर कोणी शेंगा बांधायला मागायचं, तर द्यायच्या नाहीत.

दरम्यान सरकारनं पटेल-पटवारी काढले, तालुके मोडून मंडलं केली. आमच्या ऑफिसात या सगळ्याचे कागद येऊन पडले. "अबॉलिश," बाई मला म्हणाल्या. "असा एक शब्द मी तुले सांगितलाच नोता. हा समद्यात मोठा. एक हुकूम काढला की पिढ्यानपिढ्याचं गेलं." साहेब थकले होते, चिडवायला आता त्यांच्यात दम नव्हता. ते नुसतं म्हणाले, "सरकार का अच्छा है विमलम्मा. एक कागद में छूट जाता." बाईंनी मशीनवर नवा कागद चढवला.

माझं लग्न झालं, मी नांदेडला गेले. साहेब वारल्यावर ऑफिस बंद झालं. बाई कोर्टासमोरच्या एका दुकानात मशीन घेऊन बसायला लागल्या, असं कळायचं. माहेरी आले की मी त्यांना भेटायची. गुरुजी रिटायर होऊन गुडीहत्नूरला परत आले होते, पण आल्या आल्या लकव्यानं अंथरुणाला खिळले. तेरा-चौदा मैलांवरचं गाव, तासाभराची बस. "जाऊन आलात का?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "कोन म्हून जाऊ? भावजय दारात विचारील, काय काम हाये. मले काई कामच नाई तिथं." गुडीहत्नूरचा कोणी माणूस कागद टाइप करायला आला, की त्या आधी त्याला पाणी द्यायच्या आणि मग सहज विचारल्यासारखं विचारायच्या, तुमच्याकडच्या मास्तरांचं कसं आहे. एवढं मला त्यांच्या शेजारच्या दुकानदारानं सांगितलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गुरुजी वारल्यावर झालेल्या त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला. मी माहेरी आले होते, बातमी कळली आणि त्यांना घेऊनच गेले. त्या यायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, "माझ्या सोबत चला, मला ओळखीचं कोणी नाही तिथं." हे कारण त्यांना चाललं.

घरासमोर मांडव होता. गुरुजींचा फोटो, मेणबत्त्या, खाली सतरंज्या. आम्ही बायकांच्या मागच्या रांगेत बसलो. बुद्धवंदना झाली. गुरुजींचा पुतण्या, आता तोही मास्तर झालेला, माइकवर उभा राहून एकेकाला फुलं वाहायला बोलवत होता. आधी घरचे. भावजय, सुना, नातवंडं उठली. मग नातेवाईक. मग गुरुजींच्या बरोबरीचे शिक्षक. मग शाळेतले विद्यार्थी; टक्कल पडलेले, पोट सुटलेले विद्यार्थी, पण लहान पोरांसारखे ओळीत गेले. मग वस्तीतली मंडळी, मग गावकरी. दर वेळी कोणी ना कोणी उठत होतं आणि आमच्या आजूबाजूची सतरंजी रिकामी होत होती. बाईंच्या हातात थोडी फुलं होती. ती त्यांनी बसमध्ये पदराखाली धरून आणली होती.

"चला ना बाई," मी हळूच म्हटलं.

"कोनात जाऊ?" त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला.

गावकऱ्यांची ओळ संपली. पुतण्यानं फोटोसमोरची फुलं थोडी सारखी केली, मांडवावरून नजर फिरवली आणि माइकवर विचारलं, "अजून कोनी राह्यलं का?"

विमलबाई उठल्या. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि एवढ्या लोकांसमोर एकट्याच पुढं गेल्या.